पावसात गाडी मिसिंग मारते, कार्ब्युरेटर उघडू का?

प्रश्न : १९९६ ची पेट्रोल गाडी, तीन सिलिंडर. पाऊस लागला की मिसिंग सुरू, म्हणजे इंजिन मध्येमध्ये ठोका चुकवतं. परवा आंबेनळी घाटात दुसऱ्या गिअरलाही ओढेना. त्यात सेल्फ मारताना दिवे पार मंदावतात. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटर (पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग) उघडू.

जुना पाना : थांबवा त्याला! कोरड्यात नीट चालते ना? मग आधी करंट कुठे गळतोय ते बघा. अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या दिसतील. हात मात्र लांब, तिथे हजारो व्होल्ट असतात. मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप आतून बघा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर कॅप बदला. पुसत बसू नका, ठिणगी पुन्हा तीच वाट धरते.

प्रश्नकर्ता : रेघ आहे, दादा! आणि दिवे?

जुना पाना : ते दुखणं वेगळं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) गंजलीय किंवा सैल आहे. सोडा, पॉलिशपेपरने घासा, आवळा.

घाटकरी : बॅटरीही बघून घ्या. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू असताना साधारण १४. चालू गाडीतही १२ च दाखवत असेल तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे वळा.