आठ पानी कॉमिक: कागदावर काढू की टॅबलेट घेऊ? (बजेट २००० रु.)

उनाडपाखरू:
गोष्ट एवढीच: शेवटची एसटी चुकलेला मुलगा, रात्र आणि स्टँड. काळी-पांढरी, ए५ आकार, झेरॉक्सच्या ५० प्रती. सामानाला २०००, वर एक रुपया नाही. काय घेऊ? शिवाय पहिलं पान वाचून सगळे विचारतात, "आधी कोण बोललं?" ते कसं सुधारू?

पिक्सेलराव:
स्क्रीनवाला टॅबलेट घ्या, तीसेक हजार जातील. चुकलं की अनडू. स्वस्तात केलं की दोनदा खर्च होतो.

बोरूबहाद्दर:
राव, २००० म्हटलंय तिने! १८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त तितका जाड) कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा कागद, ०.३ आणि ०.८ मिमीची वॉटरप्रूफ पेनं, काळ्या भागांना २ नंबरचा ब्रश. मूळ चित्र ए४ वर काढून ७१ टक्क्यांवर लहान करा. ०.३ ची रेघ तेव्हा ०.२ होते, म्हणून ०.१ चं पेन घेऊच नका, झेरॉक्सात रेघ तुटते. कडेला १० मिमी मोकळे सोडा, मशीन काठ खातं.

टाकवाला:
पेनाच्या रेघेत जीव नसतो. जी-निब (शाईत बुडवून वापरायचं टाकाचं लवचिक टोक) आणि शाई घ्या. नव्या निबेवर तेलाचा थर असतो, तो पुसा, नाहीतर शाई धरत नाही आणि मग थेंबच पडतो.

तिरपीमान:
प्रश्न काय, उत्तरं काय! "आधी कोण बोललं" हे पेनाने सुटत नाही. चित्राआधी संवादाचे फुगे आखा. आधी बोलणारा डावीकडे, त्याचा फुगा वर. जमत नसेल तर पात्रं हलवा, फुग्यांच्या शेपट्यांची फुली करू नका. कंडक्टर डावीकडे ठरला की त्या प्रसंगात डावीकडेच. आणि चौकटींच्या वरच्या-खालच्या ओळींमधली फट ६ मिमी, शेजारच्या चौकटींमधली ३. दोन्ही सारख्या ठेवल्या की डोळा उजवीकडे जायच्या आधीच खाली घसरतो.

पिक्सेलराव:
चौकट नाही, पॅनेल म्हणतात. असो. अक्षरं तरी कॉम्प्युटरवर करा, 'कलम' फॉन्ट मोफत आहे. ए४ वर १३ पॉइंट, म्हणजे छापल्यावर ९ उरतो. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. इंग्रजी कॅपिटलांचं माप देवनागरीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

बोरूबहाद्दर:
चौकटच म्हणतात.

मुकाचित्रकार:
शि. द. फडणीसांची हास्यचित्रं पाहा. शब्द नाही, तरी काय झालं ते कळतं. तुमच्या पानावरचे फुगे बोटाने झाका. गोष्ट थांबली तर चित्र काम करत नाहीये. "तो उदास होता" असं लिहिलं असेल आणि खाली उदास चेहराच असेल, तर ओळ कापा.

हौशी_हर्षद:
+१. फुगे आधी आखा. आणि टॅबलेट नको.

तिरपीमान:
हेच वर लिहिलंय.

पानपलट:
एक कुणीच सांगितलं नाही. पानं २-३ समोरासमोर दिसतात, तशीच ४-५ आणि ६-७. त्यामुळे गाडी निघून गेल्याचं चित्र ३ वर टाकलंत तर २ वाचतानाच फुटेल. ३ च्या शेवटी मुलगा धावत कोपऱ्यावर येतो, पान उलटल्यावर ४ वर रिकामा फलाट. दोन ए४ कागदांवर जुळणी अशी: पहिल्यावर ८-१, मागे २-७, दुसऱ्यावर ६-३, मागे ४-५. आधी कोऱ्या कागदाची घडी घालून आकडे टाका. घाईत मागची बाजू उलटी छापली जाते, मग ५० च्या ५० रद्दीत.

टाकवाला:
निबेचं काय ठरलं?

उनाडपाखरू:
ठरलं. टॅबलेट नाही, निब नाही, कार्ट्रिजही नाही. घरातला ८० जीएसएमचा ए४ आणि जाड मार्कर. शाई मागे उतरते, म्हणून एकाच बाजूला काढणार. अक्षरं हातानेच. प्रत्येक पानावर सारख्या सहा चौकटी, फटी मात्र ६ आणि ३. पान ४ वर सहाही चौकटींत तोच फलाट, फक्त घड्याळाचे काटे सरकतात. फुगा एकही नाही.

पिक्सेलराव:
मार्कर झेरॉक्सात डाग देतो. बघा बाई.