पंचवीस क्लब फिरलेला गोलकीपर: भाडोत्री की पक्का खेळाडू?

भुसावळ_यार्ड
रविवारी रेल्वे ग्राउंडवर मॅच आटोपल्यावर चहाच्या गाडीवर वाद पेटला. घरी आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे टाकतो.

विषय लुट्झ फानेनश्टील. जर्मन गोलकीपर, जन्म १९७३. बायर्न म्युनिकच्या हौशी संघाकडून विचारणा होती, ती सोडून गडी मलेशियात पेनांगला गेला. पुढे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर, न्यूझीलंड, कॅनडा, ब्राझील. क्लब पंचवीसच्या घरात. फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला माणूस. सिंगापुरात मॅच फिक्सिंगच्या खटल्यात १०१ दिवस तुरुंगात होता. आरोप त्याने कायम नाकारला. २००२ साली ब्रॅडफर्डला फॉरवर्डशी धडक बसून श्वासच बंद पडला, मैदानावर शुद्धीवर आणावं लागलं. तरी खेळणं सुटलं नाही.

आमची पोरं म्हणतात, हा भाडोत्री. मला पटत नाही. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. काळा लाइन बॉक्स, त्यात झेंड्या, दिवा, फटाके आणि फडक्यात बांधलेली भाकरी. आज बडनेरा, उद्या खंडवा, परवा इगतपुरी. रनिंग रूमच्या खाटेवर आडवं व्हावं तर आधी झोपून गेलेल्याची ऊब गादीत तशीच असायची, असं सांगायचे. त्यांना कोणी भाडोत्री म्हटलं नाही.

केळीवाला_सावदा
भो, तुमच्या वडिलांची रेल्वे एकच होती. पगार एकाच ठिकाणाहून, पेन्शन एकाच ठिकाणाहून. इथे माणूस मालकच बदलतोय. पंचवीस क्लब म्हणजे पंचवीस ठिकाणी 'राहा बाबा' म्हणणारं कोणी भेटलं नाही, असाही हिशेब निघतो.

इटलीचा तोत्ती बघा. रोमा क्लबकडून १९९३ ला सुरू केलं आणि २०१७ ला तिथेच बूट काढले. रियल माद्रिदला हवा होता, गेला नाही. क्लब प्रेक्षकांचा असतो हो. पोराने हट्टाने पाठीवर नाव छापलेली जर्सी घ्यायची आणि जानेवारीत क्लब बदलायची खिडकी उघडली की साहेब दुसऱ्या देशात. प्रत्येक उडीत एजंटचं कमिशन मात्र पक्कं. आमच्याकडे केळीच्या घडाला हात न लावता अडत खाणारे असतात, तसंच.

धुळ्याची_ताई
दोघंही खेळाडूच्या मनात शिरताय, कागद कोणी बघत नाही. १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालाआधी युरोपात करार संपला तरी जुना क्लब पैसे मागून खेळाडूला अडवून ठेवू शकायचा. बोसमन स्वतः बेल्जियमचा साधा खेळाडू, कोणी स्टार नव्हता. त्याच्यामुळे दार उघडलं. आजही फिफाचा नियम आहे: एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी, आणि सामने साधारण दोघांकडूनच. म्हणजे वाटेल तेव्हा उठून जाता येत नाही.

आणि जातात ते सगळे हौसेने जात नाहीत. छोट्या लीगमध्ये पगार थकणं नेहमीचंच. माझे मिस्टर आखातात होते. कंपनीने तीन महिने पैसे दिले नाहीत आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवला. परत आले तर गल्लीत विचारणा, 'टिकले नाही का हो तिकडे?' केळीवाल्या भाऊंचं 'राहा बाबा' वाचून तेच आठवलं.

केळीवाला_सावदा
ताई, मिस्टरांबद्दल वाईट वाटलं, शब्द मागे घेतो. पण मुद्दा नाही.

अमळनेरकर
आपल्या जत्रांतले पहेलवान विसरलात का? आज या गावची दंगल, उद्या त्या गावची. इनामाची कुस्ती मारायची, फेटा बांधून घ्यायचा, नारळ घ्यायचा आणि पुढची गाडी धरायची. लोक कौतुकानेच बघतात.

आणि सुनील छेत्री? मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, चिराग, मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी, मग पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ, चर्चिल. हा भाडोत्री?

केळीवाला_सावदा
छेत्री २०१३ ला बंगळुरूत आला आणि तिथे रुजला. लोकांना तोच छेत्री आठवतो. तुम्ही माझंच म्हणणं मांडलं, भो.

एक मात्र कबूल. उरुग्वेचा सेबास्तियन आब्रेउ, तीसच्या वर क्लब. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध शेवटची पेनल्टी त्याने हळूच चिप करून मधोमध टाकली. अख्ख्या देशाचा जीव टांगणीला आणि हा माणूस लाडू टाकल्यासारखा बॉल टाकतो! ते बघून मीही खाटेवरून उठलो होतो. पण तो गोल देशाच्या जर्सीतला होता, हे विसरू नका.

अमळनेरकर
आणि ते धाडस कुठून आलं? दर वर्षी नव्या ड्रेसिंग रूममध्ये अनोळखी लोकांसमोर पहिल्यापासून पत मिळवायची असली की भीड मोडतेच.

भुसावळ_यार्ड
आता खरं सांगतो. वाद फानेनश्टीलचा नव्हताच. भाचा गोलकीपर आहे, एकोणीस वर्षांचा. गोव्याच्या एका क्लबने ट्रायलला बोलावलंय, आणि केरळात मलप्पुरमच्या सेव्हन्समध्ये (सात-सात जणांचं फुटबॉल) हंगामभर खेळशील का, अशीही विचारणा आहे. तिथे आफ्रिकेतले खेळाडू हंगामापुरते येऊन खेळतात, त्यांच्या बरोबरीने. बहीण म्हणते, रेल्वेची भरती दे. मेहुणे काहीच बोलत नाहीत.

धुळ्याची_ताई
काही सही करायच्या आधी करार पूर्ण वाचायला सांगा. पगाराची तारीख, जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, आणि मधेच काढलं तर काय. आणि पासपोर्ट, आधार, मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या.

केळीवाला_सावदा
जाऊ द्या त्याला. पण परत आला तर गल्लीत कोणी विचारायचं नाही, एवढं बघा. तिकीट झालंय का?

भुसावळ_यार्ड
गोवा एक्स्प्रेसचं, स्लीपर, वेटिंग ११. लाइन बॉक्स माळ्यावरून काढला त्याच्यासाठी, तर म्हणतो मामा, हे कोण उचलणार. हातमोजे तेवढे त्यात ठेवून बघितले. आजीने विचारलं, 'कथा चालना रे भाऊ?' (कुठे निघालास?) त्याने अजून तिला सांगितलेलं नाही.