गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा लागतोय, बॅटरी बदलू का?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, काल टेंभुर्णीहून येताना मोहोळच्या पुढं डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, एसी बंद केला की जायचा, परत लावला की हजर, आणि बॉनेटमधून चीं चीं आवाज पण येत होता. सकाळी सेल्फ एकदम मस्त मारला. बॅटरी तीन वर्षं जुनी आहे. दुकानवाला न बघताच म्हणतोय बॅटरी गेली, नवीन टाका. गुरुवारी आईला घेऊन अक्कलकोटला जायचंय. काय करू?

सातरस्ता_ऑटो
दादा थांबा, लगेच पैसे घालू नका. तो दिवा म्हणजे बॅटरी खराब असं नसतं ओ, चार्जिंग नीट होत नाहीये एवढंच तो सांगतो. गाडी चालू झाली की सगळी लाईट अल्टरनेटर देतो, आपले मिस्त्री डायनामो म्हणतात तोच. तो बंद पडला की गाडी नुसत्या बॅटरीवर पळते, आणि बॅटरी उतरली की रस्त्यातच बंद. मल्टिमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट पाहिजे, इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 च्या आसपास. चालू गाडीत 13 च्या खाली दिसलं तर आधी डायनामो फिरवणारा बेल्ट बघा, मग बॅटरीचे टर्मिनल, मग डायनामोतले कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर. आणि कुणी चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "चेक" करायला लागला तर हात धरा त्याचा, व्होल्टेज उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

होटगीरोड
एसी लावल्यावर दिवा आणि चीं चीं, म्हणजे मला बेल्टच वाटतोय, लोड आला की घसरतोय. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप पण फिरवतो, म्हणून बॅटरीचा दिवा आणि टेम्परेचरचा काटा सोबत वर गेले तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका, तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च बसतो. नुसता दिवा असेल तर एसी, टेप, मोबाईल चार्जर बंद करून जवळच्या इलेक्ट्रिशियनपर्यंत जा, मधे गाडी बंद करू नका, परत सेल्फ लागेलच असं नाही.

विजापूररोड_ताई
बॅटरीची काळजी पण घ्या हो, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो आणि उन्हाळाच बॅटरी खातो, थंडीत तिची कमजोरी फक्त उघडी पडते. झाकणवाली असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा, प्लेटा बुडलेल्या पाहिजेत, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं तर अजिबात नाही, आरओचं पण नको. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, झाकणं घट्ट लावून, थेंब आत जाता कामा नये. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कोरडं झालं की वरून व्हॅसलिन. जवळ काडी-सिगारेट नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

जुळे_सोलापूरकर
आत्ता मोजलं. बंद गाडीत 12.5, चालू करून एसी लावला तर 12.3! बेल्ट आतून काचेसारखा गुळगुळीत झालाय आणि कडेला चिरा आहेत.

सातरस्ता_ऑटो
मग बेल्टच टाका, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर पण फिरवून बघायला सांगा, पुली खरखर करत असेल तर तीही बदला. काम झाल्यावर तिथंच उभं राहून एसी, हेडलाईट लावून परत व्होल्ट मोजायला लावा. 13.8 च्या वर राहिलं तर आईंना घेऊन बिनधास्त जा, नसेल तर डायनामो खोलायला सांगा आणि गुरुवारी एसटीनं जा.