तंतुकणिकांमधला ‘डीएनए रिपेअर’ : दुरुस्ती की डागडुजी?

शारदा, फोंडा : वाळपईच्या वाचनालयात मराठीतून व्याख्यान आहे, विषय मायटोकॉन्ड्रियातली (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांतली) डीएनए रिपेअर एन्झाइम्स. मायटोकॉन्ड्रियाला ‘तंतुकणिका’ आणि एन्झाइमला ‘विकर’ हे शब्द चालतील? आणि ‘रिपेअर’ला दुरुस्ती म्हणू की डागडुजी?

अनंत, म्हापसा : तंतुकणिका बिनधास्त वापरा. मूळ ग्रीक शब्दातही तंतू आणि कण हेच आहेत. ‘विकर’ महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतला. आपली मुलं प्राथमिकनंतर इंग्रजीतून शिकतात, त्यांना तो ‘विकार’ ऐकू येईल. एकदा अर्थ सांगा आणि पुढे एन्झाइमच म्हणा. डागडुजी बोलीत छान वाटते, मी तीच घेईन.

उमा, ताळगाव : अनंतबाब, डागडुजी म्हणजे तात्पुरतं ठिगळ. इथे तसं होत नाही. ऑक्सिडेशनमुळे ग्वानीन या बेसचं (डीएनएच्या एका अक्षराचं) आठ-ऑक्सोग्वानीन झालं, की ओजीजी-१ हे एन्झाइम नेमका तेवढा बेस कापून काढतं. सायटोसीन या बेसचा युरॅसिल झाला असेल तर ते काम यूएनजी-१ हे एन्झाइम करतं. मोकळ्या जागी एपीई-१ साखळीला छेद देतं, पॉलिमरेज गॅमा योग्य न्यूक्लिओटाइड (बेससकट साखळीचा एक दुवा) भरतं, लायगेज-३ सांधा जोडतं. शेवटी क्रम होता तसाच होतो. ही अस्सल दुरुस्ती. पूर्ण नाव ‘बेस-उच्छेदन दुरुस्ती’.

पण सगळ्यालाच दुरुस्ती म्हणू नका, शारदाताई. अतिनील किरणांनी शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटले, तर पेशीच्या केंद्रकात (न्यूक्लिअसमध्ये) तो अख्खा तुकडा काढून नवा घालतात. तंतुकणिकेत ही सोयच नाही. पेशीत डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे फार बिघडलेली प्रत तोडून टाकणं परवडतं. त्याला ‘विल्हेवाट’ म्हणा.

शारदा, फोंडा : पॉलिमरेज गॅमा डीएनएची नक्कल करतानाच चूक पकडतं, ते कशात घालू?

उमा, ताळगाव : प्रूफरीडिंग, म्हणजे आपलं मुद्रितशोधन. छापखान्याचा शब्द आहे, तसाच उचला. चुकीचं अक्षर बसलं की हे एन्झाइम एक पाऊल मागे येऊन ते खोडतं. उंदरांत एवढीच क्षमता काढून टाकली तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांत उत्परिवर्तनं (डीएनएतले बदल) साचली आणि ते अकाली म्हातारे झाले. २००४ मधला प्रयोग. श्रोत्यांना हे नक्की सांगा, मात्र ‘दुरुस्ती थांबली म्हणून’ असं म्हणू नका.

अनंत, म्हापसा : मान्य, डागडुजी मागे घेतली. ‘मायटोकॉन्ड्रियल आजार’ला मग ‘मातृवंशीय आजार’ म्हणावं का? तो डीएनए आईकडूनच येतो ना.

उमा, ताळगाव : नको, तिथे घोटाळा होतो. तंतुकणिकेच्या डीएनएत १६,५६९ बेसजोड्या आणि ३७ जनुकं आहेत. त्यांत १३ प्रथिनांची, बाकी आरएनएची. दुरुस्तीच्या एन्झाइमचं त्यांत एकही नाही. ती सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत येतात. म्हणून पॉलिमरेज गॅमाचा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. ‘तंतुकणिकांचा आजार’ एवढंच म्हणा. शब्दापलीकडचं एक सांगते, कारण श्रोत्यांत कोणाच्या घरी असं मूल असू शकतं : पॉलिमरेज गॅमाच्या दोषात फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध देत नाहीत, यकृत निकामी होऊ शकतं. अर्थात औषध स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारूनच.