आयव्हीएफ लॅबमधले जादा चार्जेस: कोकणातल्या जोडप्यांनी पैसे नक्की कशाला मोजायचे?

खाडीपल्याड (रत्नागिरी)
टेस्ट ट्यूब बेबीच्या कॅम्पचे बोर्ड आता एसटी स्टँडपासून देवळाच्या कमानीपर्यंत पोचलेत. आत गेलं की मूळ पॅकेजचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं, पुढचा वेळ जातो तो वरच्या गोष्टींवर: टाइमलॅप्स घ्या, इक्सी (एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं) कराच, भ्रूणाची जनुकीय तपासणी करून टाका. माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. यातलं बरंचसं सरसकट घेण्यासारखं नाही. निकाल सुधारतो तो लॅबच्या हवेने, तापमानाने आणि तिथल्या हातांनी, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

टाइमलॅप्स म्हणजे इनक्युबेटरमध्येच कॅमेरा, ठरावीक मिनिटांनी भ्रूणाचा फोटो. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या १,५७५ जणींवरची चाचणी छापून आली. कॅमेऱ्यावरून भ्रूण निवडला काय, साध्या पद्धतीने निवडला काय, मूल होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, साधारण तिघींत एक. इक्सीचंही तेच. १९९२ साली ब्रुसेल्सहून पहिल्या गर्भधारणांची बातमी आली, तेव्हा शुक्रजंतू फारच कमी असलेल्या पुरुषांसाठी तो खरा मोठा इलाज ठरला. पण वीर्याचा रिपोर्ट चांगला असताना? व्हिएतनाममध्ये अशा १,०६४ जोडप्यांवर प्रयोग झाला (२०२१). मूल झालं ते इक्सीवाल्यांत ३५ टक्क्यांना, साध्या आयव्हीएफवाल्यांत ३१, आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

पेट्रीडिश (कोल्हापूर)
मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण सांभाळणारी, त्यामुळे भांडणारच. दादा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा आहे. कॅमेरा असला की भ्रूण बघायला इनक्युबेटर उघडावा लागत नाही. आत ३७ अंश, ५-६ टक्के कार्बन डायऑक्साइड, ५ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. दार उघडलं की हे सगळं हलतं. आणि बीजं चारच मिळाली असतील, तर इक्सी न करता दुसऱ्या दिवशी एकही फलित झालेलं नाही हे त्या बाईला तुम्ही सांगणार का? मला सांगावं लागतं.

खाडीपल्याड
ताई, त्याच लॅन्सेटच्या चाचणीत तिसरा गट होता: इनक्युबेटर तोच, न उघडता ठेवलेला, पण निवड कॅमेऱ्यावरून नाही. त्यांचाही निकाल लक्षणीय वेगळा आला नाही. यंत्र तुमच्या सोयीचं असेल तर क्लिनिकने स्वतःच्या खर्चाने घ्यावं. पेशंटच्या बिलात ते कशाला?

दशावतारी (कुडाळ)
ह्या सगळा बरोबर आसा, पण डॉक्टराक विचारतलो कोण? आमच्या वहिनीने एवढंच विचारलं की ही तपासणी कशासाठी, तर "नेटवर वाचून येऊ नका" असं ऐकावं लागलं.

पेट्रीडिश
विचारायलाच हवं. जनुकीय तपासणीच्या बाबतीत मी दादांच्या बाजूला आहे. पाचव्या दिवशीच्या भ्रूणाच्या (ब्लास्टोसिस्टच्या) बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून तपासतात. भ्रूणात काही पेशी निरोगी, काही सदोष असं मिश्रण असू शकतं, मग चांगला भ्रूणही बाद होतो. तपासणीने भ्रूण सुधारत नाही, फक्त गाळला जातो. शिवाय २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने ही तपासणी आधीच माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांपुरती ठेवलीय. घरात तसा आजार नसताना कोणी सुचवली, तर कारण लेखी मागा.

घाट नको (राजापूर)
तुम्ही दोघं यंत्रांवर भांडताय, मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. अंबा घाट भर पावसात उतरून-चढून कोल्हापूर गाठायचं, तेही इंजेक्शनं चालू असताना. बीजं पक्व करणारं शेवटचं, ट्रिगरचं इंजेक्शन दिलं की साधारण ३६ तासांत बीजं काढावीच लागतात, दरड पडलीय म्हणून ती थांबत नाहीत. लॅब इथेच हवी, थोडी साधी असली तरी चालेल.

पेट्रीडिश
साधी चालेल, ढिली चालणार नाही. बीजं थंड पडली तर आतली गुणसूत्रं ओढणारी तंतूंची रचना विस्कटते, म्हणून बीज काढायची खोली आणि लॅब लागून, टेबलसुद्धा गरम. किनाऱ्यावर पावसाळ्यात भिंतींना बुरशी, गणपतीआधी नवा रंग. त्या रंगाची वाफ भ्रूणाला घातक, साधा गजरासुद्धा आम्ही आत नेत नाही. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा इनक्युबेटर कशावर चालवणार होतात?

घाट नको
जनरेटरवर, हॉस्पिटलं चालतात तशी. आणि गोठवलेल्या भ्रूणांना विजेची गरज तरी आहे का? उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पिंपात वेळेवर भरत राहिला की झालं.

पेट्रीडिश
गोठवलेल्यांना नाही, हे खरं. आता विट्रिफिकेशनने इतक्या झटक्यात थंड करतात की पेशीत बर्फाचे स्फटिकच होत नाहीत, आणि वितळवल्यावर बहुतेक भ्रूण टिकतात. पण नायट्रोजनचा टँकर येणार त्याच घाटातून. तो चार दिवस अडकला तर?

खाडीपल्याड
मग दोन्ही साधतं की. सोनोग्राफी आणि इंजेक्शनं रत्नागिरीत, बीज काढणं आणि गोठवणं घाटावर, आणि ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, पाऊस ओसरल्यावर. ताई, तुमच्याकडे असं करतात का?

पेट्रीडिश
करतो. फक्त बाईचं वय चाळिशीकडे असेल तर बीज काढायची तारीख पावसासाठी पुढे ढकलू नका. गोठवलेला भ्रूण दिवाळीपर्यंत थांबतो, बीजांडकोश थांबत नाही.

घाट नको
म्हणजे जुलैत घाट आलाच.