मदत हवी आहे: सासूबाईंच्या जिभेची आग आणि पायांचा बधिरपणा, दोन्हीचं मूळ एकच असू शकतं का?

जुईली_सातारा

नमस्कार मंडळी,

सासूबाईंसाठी हा धागा काढते आहे. वय ६४. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, मेटफॉर्मिन तेव्हापासून चालू आहे आणि पित्तासाठी पँटोप्राझोलही रोज सकाळी असते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आटोक्यात. घर पूर्ण शाकाहारी. त्या अंडंही खात नाहीत, आणि दूध चहात पडेल तेवढंच.

पावसाळ्यात जिभेची आग सुरू झाली. आधी वाटलं तोंड आलंय, पण फोड एकही नाही. मी बॅटरी धरून नीट पाहिलं. कडा आणि टोक लालबुंद, वर तकाकी आलेली, आणि जिभेवर जी बारीक खरखर असते ती तिथे दिसतच नाही, सगळं गुळगुळीत. आमटीच्या फोडणीतली मिरचीसुद्धा सोसत नाही. जन्मभर भाकरीबरोबर ठेचा खाल्लेली बाई आता दहीभात कालवून घेते, आणि "कशालाच चव नाही गं" म्हणून तोही अर्धा ठेवते. वजन उतरलंय.

दुसरीकडे पाय. तळव्यांना मुंग्या आधीपासून होत्या, आता बधिरपणा आहे. मंडईत एक चप्पल पायातून निसटून मागे राहिली, भाजीवालीने हाक मारली तेव्हा त्यांना कळलं. पहाटे अंधारात बाथरूमला जाताना भिंत धरून जातात, दिवा लावला की बऱ्या चालतात. आणि मध्यंतरी गरम पाण्याच्या पिशवीने टाचेजवळ मोठा फोड आला. तो मला दिसला म्हणून कळला, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

दातांच्या डॉक्टरांनी लावायला जेल दिलं. साखरेचे डॉक्टर म्हणाले, मधुमेहात पायांचं असं होतंच. घरातले म्हणतात उष्णता झालीय, म्हणून गुलकंद आणि सब्जा झाला. जीभ आणि पाय एकत्र मांडून कुणीच पाहिलेलं नाही, आणि मला राहून राहून वाटतं की हे एकच काहीतरी आहे. आता दाखवायचं कुणाला? कोणत्या तपासण्या मागून घ्यायच्या? तोवर पायांची काळजी कशी घ्यायची?

केतकीबन

बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का? माझ्या मावशीची जीभ अगदी अशीच झाली होती, तीही पूर्ण शाकाहारी. बाकी जाणकार सांगतीलच.

अंतर्गळ

जुईली, मी फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुमची शंका योग्य दिशेने आहे. शाकाहार, दीर्घकाळ मेटफॉर्मिन आणि रोजची पित्ताची गोळी, तिन्ही एकत्र असताना बी-१२ तपासणं अगदी गरजेचं आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जातं आणि तिथे शोषलं जातं. पित्ताची गोळी आम्ल कमी करते, मेटफॉर्मिन शोषणात अडथळा आणतं. यकृतात साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून खड्डा पडायला लागला तरी बराच काळ बाहेर काही दिसत नाही.

आता जीभ आणि पाय एकत्र का? जिभेवरच्या पेशी फार झपाट्याने झिजतात आणि नव्याने बनतात. नवी पेशी बनायची तर डीएनए बनायला हवा आणि त्याला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की जिभेवरचे धाग्यासारखे बारीक उंचवटे सपाट होतात. तुम्ही पाहिलेला गुळगुळीतपणा तो हाच असू शकतो. पायांकडे जाणाऱ्या नसा शरीरातल्या सर्वांत लांब. त्यांच्यावर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं, ते बी-१२ शिवाय नीट राहत नाही.

तुमच्या लिहिण्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती अंधाराची गोष्ट. पाय कुठे, कोणत्या कोनात टेकलाय ही खबर सांध्यांतून आणि स्नायूंतून मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती खबर तुटली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. उजेड गेला की तोल जातो. निव्वळ मधुमेहातही हे होतं, पण बी-१२ च्या कमतरतेत मज्जारज्जूलाच इजा होऊ शकते आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. म्हणून पुढच्या महिन्यावर टाकू नका.

फिजिशियनकडे जा, गरज पडली तर ते न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. या तपासण्या मागून घ्या: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी (त्यात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार बघा), बी-१२, फोलेट (फोलिक ॲसिड), फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड. बी-१२ चा आकडा मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) बघून ठरवतात. हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, रक्त ठीक असतानाही नसांना इजा झालेली असू शकते. डॉक्टरांना १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) घोट्याच्या हाडावर लावून थरथर कळते का बघायला सांगा आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) तळव्यालाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईच्या ओपीडीत राहून जातं.

दोन गोष्टी मात्र करू नका. तपासणीसाठी रक्त देण्याआधी बी-१२ च्या गोळ्या सुरू करू नका, आकडा फसवा येतो. आणि नुसतं फोलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मेटफॉर्मिनही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जिभेवर एकाच जागी जखम किंवा पांढरा चट्टा असेल आणि तो दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर तो वेगळा विषय आहे, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सुपारीची सवय आहे का तेही सांगा.

निशिगंध_७

शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. "चव नाही" आणि "आग होते" या तक्रारी वेगवेगळ्या नसांच्या आहेत, तेव्हा डॉक्टरांना त्या वेगळ्या करून सांगा. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव चेहऱ्याच्या नसेची एक फांदी नेते, पण त्याच भागाचा स्पर्श, उष्णता आणि दाह ट्रायजेमिनल नस नेते. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला (नसेच्या टोकावरच्या, संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) उघडतं, आणि तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतो. म्हणून मेंदूला खरोखर भाजल्याचीच बातमी पोचते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्देम पातापुतियन यांच्यासोबत. सासूबाईंना फोडणी भाजते ती कल्पना नाही, हे घरातल्यांना जरूर सांगा.

घरी एक करून बघा. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस एकेक थेंब जिभेवर. मधे चूळ भरू द्या. हे चारही ओळखता आले तर चवीच्या कळ्या काम करताहेत आणि बिघाड वासात असू शकतो, कारण आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. टोकाला गोड नि मागे कडू असा जिभेचा नकाशा शाळेत शिकलो, तो विसरा. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

पायवाट

मी कुष्ठरोग पुनर्वसनात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून पायांबद्दल लिहितो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोग थेट खात नाही. वेदना कळत नाही, म्हणून रोजच्या लहानसहान इजांकडे दुर्लक्ष होतं आणि त्यांतून पाय जातो. बधिरपणाचं कारण काहीही असो, हा धडा सारखाच आहे.

गरम पाण्याची पिशवी आजच घरातून काढा. अंघोळीचं पाणी त्यांच्या पायाने नको, तुमच्या कोपराने तपासा. अनवाणी चालणं बंद, घरातही. अंगठ्याची चप्पल नको, मागे पट्टा असलेली एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची घ्या, सरकारी रुग्णालयाच्या कुष्ठरोग विभागात चौकशी केली तर कुठे मिळते ते सांगतील. घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघा. रोज रात्री तळवे उजेडात तपासायचे, बोटांच्या बेचक्यांसह. हे तुम्हीच करा, साठीनंतर वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या. असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

जुईली_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगावर चट्टा नाही, सुपारी कधीच नव्हती. थेंबांच्या तपासणीत गोड, खारट, आंबट लगेच ओळखलं, कारलं जरा उशिरा.

रिपोर्ट आले. बी-१२ ११८, एमसीव्ही १०४, हिमोग्लोबिन १०.१. फिजिशियनांनी ट्युनिंग फोर्क लावला: मनगटावर "हो, झिणझिण लागतंय" म्हणाल्या, घोट्यावर मात्र फोर्क थरथरत असतानाही "लावलात का?" विचारत होत्या. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं तशा डुलल्या, मी धरलं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली आहेत. पित्ताची गोळी खरंच लागते का तेही डॉक्टर बघणार आहेत. जीभ काही आठवड्यांत सुधारेल, पायांना अनेक महिने लागतील आणि पूर्ण किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जिभेची आग कमी झाली आहे, काल वरणाला जिऱ्याची फोडणी चालली.

एक विचारायचं राहिलं. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून तळव्यांच्या मुंग्या उलट वाढल्यात असं त्या म्हणतात, रात्री झोप मोडते. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, तेव्हा त्यांना सांगणारच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं होतं का, आणि किती दिवसांत कमी झालं?