मारून मिळालेली कबुली

बरेच जण म्हणतात की चार फटके पडल्याशिवाय चोर तोंड उघडत नाही. उघडतो, मान्य. पण बोलतो काय? ठाणे स्टेशनाबाहेर, बससाठी बांधलेल्या सॅटिसच्या पुलाखाली, लोकांनी एका पोराला मोबाइलचोर म्हणून धरलेलं मी पाहिलंय. ओठ फुटलेला, दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं. एकाने दरडावलं, "मागच्या महिन्यातली चेनपण तूच ओढलीस ना?" "हो." "आणि ती पर्स?" "हो, हो." कुठली पर्स, हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतं आणि आजही आहे. कोठडीतल्या मृत्यूंवरच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: अटकेची नोंद करा, घरच्यांना कळवा, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर मात्र आपण १९९७ साली फक्त सही केली. तो रीतसर स्वीकारलाच नाही. २०१० चं छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही पुढे बारगळलं. याची मला मनापासून चीड येते.

आणि समजा, तो खरंच चोर असला तरी? तावडीत सापडलेल्या माणसावर हात उचलायचा हक्क आपल्याला कुणी दिला? असं काही दिसलं तर व्हिडिओ काढत बसू नका, ११२ लावा, आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलू नका.